खिळ्यावरचं फडकं

गॅरेजवाल्याला सगळे भिंगरी म्हणत, आणि हे नाव त्याने कमावलेलं होतं. जेवताना पाय हलणार, बोलताना हातात पाना फिरणार. बायको म्हणायची, "ह्यांना खुर्ची दिली तर खुर्चीच दमते." पण मोटारसायकलचं इंजिन उघडायला बसला की हाच माणूस गार पडायचा. आधी टाकी उतरवायची, मग इंजिनचं वरचं झाकण. मग झडपा हलवणाऱ्या दांड्याचे, म्हणजे कॅमशाफ्टचे, बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे सैल करायचे. आणि त्याआधी हा दांडा फिरवणारी साखळी जिथून आत उतरते, त्या पोकळीत पिवळं फडकं कोंबायचं, म्हणजे हातून निसटलेला बोल्ट थेट इंजिनच्या पोटात जात नाही.

फडकं पिवळंच, कारण काळ्या तेलात ते लपू नये. काम झालं की ते भिंतीवरच्या खिळ्यावर जायचं. लेक लहान होती तेव्हापासून झाकण बसण्याआधी ओरडायची, "फडकं कुठंय?" आणि तो म्हणायचा, "खिळ्यावर!" मगच झाकण बसायचं. लेक मोठी झाली, बापाशेजारी बसून हात काळे करू लागली, तरी हा सवालजवाब सुटला नव्हता.

सुटला तो तिला लांबच्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली तेव्हा. भिंगरीने तोंड सोडलं. "इथं काय कमी आहे? तिथं तुला गाड्या धुवायला बसवतील!" लेकही त्याचीच. तिने बोलणंच टाकलं. मग घरातल्या घरात निरोप सुरू झाले. "बाबांना सांग, चहा झालाय." "तिला सांग, मला नकोय." शेवटी आई वैतागली, "मी काय पोस्टमन आहे?"

जायच्या दिवशी सकाळीच भिंगरीने लेकीची गाडी खोलली. म्हणे, इंजिनमध्ये टिकटिक आहे. ती टिकटिक त्याच्याशिवाय कुणालाही ऐकू येत नव्हती. खरं म्हणजे तिचं जाणं थोडं लांबावं, एवढंच त्याला हवं होतं. कॅमशाफ्ट काढला, पुसला, उलटसुलट करून पाहिला. ढिम्म काही बिघडलं नव्हतं. परत बसवला, खुणा जुळवल्या. मग झाकणाच्या कडेखाली जुनं पॅकिंग चिकटलेलं दिसलं, म्हणून पुन्हा फडकं कोंबून खरवडत बसला. तेवढ्यात लेक पाठीला बॅग लावून दारात आली आणि नुसतीच उभी राहिली. त्याला ते सोसेना. त्याने घाईघाईने झाकण बसवलं, बोल्ट आवळले, टाकी चढवली. लेकीने किक मारली आणि आईला हात करून निघून गेली.

भिंगरीने गॅरेजात चार येरझाऱ्या घातल्या. हात पुसायला खिळ्याकडे वळला. खिळा रिकामा.

खिसे चाचपले, टेबलाखाली पाहिलं, पेटी उपडी केली. फडकं साखळीत गुंतलं तर इंजिन जागच्या जागी अडकणार, मागचं चाक जाम होणार, आणि लेक भर वेगात रस्त्यावर आपटणार. त्याने फोन लावला. तिने कापला. परत लावला, परत कापला. इतक्यात त्याला टाकी आठवली. उतरवताना ती त्यानेच रिकामी केली होती, आणि परत भरताना हात आखडता घेतला होता. पुलापलीकडच्या पंपावर तिला थांबावंच लागणार! त्याने दुरुस्तीला आलेली कुणाची तरी स्कूटर काढली. "अहो, चप्पल तरी घाला!" बायको मागून ओरडली.

लेक पंपावर रांगेत होती, इंजिन चालूच. त्याने धावत जाऊन किल्ली फिरवली.

"आता काय राहिलं?" ती फणकारली.

"फडकं."

तिचा चेहरा पांढरा पडला. तिने गाडी भिंतीकडेला ढकलत नेली. पण तापलेलं इंजिन लगेच उघडता येत नाही. थांबण्यावाचून इलाज नव्हता, आणि थांबणं ह्या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. बसला, उठला, गाडीभोवती फिरला, झाकणाला बोट लावून चटका घेतला.

"बाबा, बसा ना एका जागी."

तो बसला. "तू गेल्यावर मी बोलू कुणाशी?" तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना इंजिनातलं काही कळत नाही."

तिने पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

इंजिन निवलं तेव्हा त्याने खिशातला पाना काढला. लेकीने तो काढून घेतला आणि स्वतः टाकी उतरवून झाकण उघडलं. फडकं पोकळीच्या कोपऱ्यात दडपलेलं होतं. एक कड साखळीने कुरतडायला घेतली होती, पण तुटून काही पडलं नव्हतं.

"मी तुला मारलं असतं गं," तो म्हणाला, आणि भर पंपावर रडला.

"मीपण विचारलं नाही ना."

तिने पोकळीत वाकून नीट पाहिलं, कडा पुसल्या, झाकण उचललं. मग ते तसंच हातात धरून थांबली.

"फडकं कुठंय?"

भिंगरीने मूठ उघडून दाखवली.

"माझ्या हातात आहे," तो म्हणाला. "बसव झाकण. तुला उशीर होतोय."