हात भरून येतात तेव्हा

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. मुरमाच्या खदानीत रविवारची सकाळ काढली की जशी धूळ बुटात, कानात आणि चहाच्या कपात आपोआप जमते, तसे तेही जमतात. गाडी आम्ही तासभर चालवतो आणि त्या तासाबद्दल आठवडाभर बोलतो!

आम्ही चौघं आहोत. देवळी रस्त्याला लागून एक बंद पडलेली खदान आहे. तिच्या मालकाला विचारून आम्ही तिथे डर्ट बाइक पळवतो. भूषण सिंदी रेल्वे गावचा, ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान चालवतो, अंगाने पहिलवान. नरेंद्रदादा पिपरी मेघेला राहतात, सरकारी नोकरीत आहेत, रिटायरमेंटला टेकलेत. अश्विनी देवळीची, वर्ध्यात फिजिओथेरपिस्ट आहे. आणि मी सुधीर, बसवर कंडक्टर.

आमच्या सगळ्या गप्पा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. गाडीला इंजिन आहे, ओढायचं काम ते करतं. मग हात आपले काऊन दुखतात?

*

हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो भूषणमुळे.

त्याच्या पहिल्या मोठ्या शर्यतीत तो सुरुवातीपासून पुढे होता. मग अर्ध्यावर काय झालं कोण जाणे, वळणावर गाडी बाहेर जाऊ लागली, क्लच वेळेवर दबेना. दोघं पुढे गेले. कसाबसा तिसरा आला.

आम्ही धावत गेलो. भूषणचे हात मनगटापासून कोपरापर्यंत दगडासारखे टणक झाले होते. हेल्मेटचा पट्टा त्याला सुटेना. त्याची बोटं नुसतीच हनुवटीखाली फिरत होती!

तेवढ्यात स्टेजवरून नाव पुकारलं. पठ्ठ्या तसाच हेल्मेट घालून वर गेला. ट्रॉफी दिली, ती हातात धरता येईना, म्हणून काखेत दाबली. फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापूनही आला.

भूषणने मोठ्या कौतुकाने आईपुढे पेपर ठेवला. आईने चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "अन् तू कुठं हाय यात? हा कोण ट्रॉफी चोरून घेऊन चालला?"

*

भूषणने यावर उपाय काढला: जिम वाढवली. हात आणखी जाड झाले. पुढच्या वेळी ते आणखी लवकर भरून आले!

"ताई, हे उलटं काऊन होऊन राह्यलं?" त्याने अश्विनीला विचारलं.

अश्विनीने त्याचा हात दाबून पाहिला. "कापसाचं गाठोडं पाहिलं ना? ठासून भरलं की वरून कसं कडक लागते? तसंच हाय. तू हँडल आवळून धरतो, स्नायूत रक्त भरते, वरचं आवरण काही ढिलं होत नाही. मग रक्ताले परत फिराले जागा कुठं? तुह्यात ताकद कमी नाई. तू ती चुकीच्या ठिकाणी लावून राह्यला."

"मंग गाडी काय दातानं धरू?"

"गुडघ्यानं धर!"

खदानीच्या काठावर पळस आहे. तिने त्याची पानं तोडली आणि आमच्या प्रत्येकाच्या दोन्ही गुडघ्यांच्या आणि पेट्रोलच्या टाकीच्या मधे एकेक पान ठेवलं. म्हणाली, "पायदानावर उभे राहा, कंबर थोडी मागे, कोपरं वर, नजर लांब. चक्कर मारून या. पान पडलं म्हणजे गुडघा सुटला. गुडघा सुटला की सगळं वजन हातावर."

माझी पानं पहिल्याच उंचवट्यावर गेली. दादांचं एक राहिलं. भूषण परत आला तेव्हा त्याच्या पानांची चटणी झाली होती, पण होती तिथेच होती!

बाजूला एक आजीबाई शेळ्या चारत होत्या. बराच वेळ हे सगळं पाहून त्या जवळ आल्या. "बाप्पा, कोणत्या देवाले पान वाहून राह्यले तुमी?"

नरेंद्रदादांनी हात जोडले. "गुडघेबाबाले, माय!"

आजीबाईंनी लगेच स्वतःचा गुडघा चोळला. "मंग एक पान माह्याकडूनबी वाहाजो."

*

आता हे गुडघ्यांचं प्रकरण नरेंद्रदादांनी फारच मनावर घेतलं. रविवारची वाट कोण पाहणार? ते ऑफिसला जाताना आपल्या साध्या मोटरसायकलवर प्रॅक्टिस करू लागले. गल्लीत स्पीडब्रेकर दिसला की हे पायदानावर उभे! कंबर मागे, कोपरं वर, चेहरा गंभीर, आणि मागे डबा.

पिपरी मेघेत लोक बोलू लागले. दादांना वाटलं, आपल्या पोझिशनची चर्चा आहे. चर्चा पोझिशनचीच होती!

एका संध्याकाळी शेजारच्या काकू भाजीचा डबा घेऊन आल्या. वहिनींना आत नेऊन हळूच म्हणाल्या, "सुरणाची भाजी हाय. आमच्या ह्यायलेबी बसताच येत नव्हतं. याच्यानंच आराम पडला."

वहिनींनी दादांना काहीच सांगितलं नाही. दादा आवडीने भाजी खात राहिले. काकूही आवडीने पाठवत राहिल्या. शेवटी चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने दादांना थांबवलं आणि अगदी मायेने विचारलं, "काका, ऑपरेशनची तारीख भेटली का?"

*

एक बारका किस्सा.

भूषणच्या गाडीवरचा क्लचचा दांडा जरा वर बसवलेला होता. उभं राहिलं की मनगट मोडायचं. हे अश्विनीच्या लक्षात आलं. तिने पान्हा घेतला, बोल्ट ढिला केला, दांडा खाली वळवला आणि पुन्हा आवळला. एवढंच.

भूषण एक चक्कर मारून आला, हाताची मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग आमच्याकडे पाहून म्हणाला, "आन् मी सहा वाजता उठून डंबेल उचलून राह्यलो!"

*

माझा किस्सा अश्विनीच जास्त रंगवून सांगते, म्हणून तिच्याआधी मीच सांगून टाकतो.

ती कधीमधी माझ्या बसने देवळीला जाते. त्या दिवशी बस खच्चून भरली होती, रस्ता खोदलेला होता, लोक दांड्याला लटकलेले. मी तिकिटं फाडत मागून पुढे चाललो होतो. अश्विनी माझ्याकडे अशी टक लावून पाहत होती की मला वाटलं, शर्टचं बटण तुटलं.

"सुधीरभाऊ, दोन्ही हात तर तिकिटाच्या मशीनवर हायेत. तुम्ही पडत काऊन नाई?"

इतकी वर्षं झाली, हा प्रश्न मलाच कधी पडला नव्हता! मग माझ्या लक्षात आलं, माझी कंबर सीटला टेकलेली असते, गुडघे ढिले असतात, खड्डा आला की ते आपोआप वाकतात. हातांचा काही संबंधच नाही.

"मंग रविवारी काय होते?" ती म्हणाली. "रविवारी तुम्ही पॅसेंजरासारखं हँडल धरता. अन् श्वास रोखता, ते वेगळंच. बोलत चला गाडीवर. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाई."

पुढच्या रविवारी मी खदानीत उतरलो आणि जे तोंडात बसलंय तेच मोठ्याने सुरू केलं. "चला, देवळी! देवळीवाले पुढे सरका! पुढे जागा आहे!" काय सांगू, हात एकदम हलके! सबंध फेरीत एकदाही दुखले नाहीत.

उंचवटा उतरून थांबलो, तर वर रस्त्यावर दोन पिशव्या घेऊन एक बाई धापा टाकत उभी होती.

"कुठं हाय बस?"

*

आता अश्विनीचं.

मागच्या वर्षी ती एका उतारावर पडली होती. हात भरून आले, ब्रेक दबला नाही, गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हापासून तिने या विषयाचा पिच्छाच पुरवला. तिचे बाबा शेतकरी, बोलणं मोजकं. दवाखान्यात ते एवढंच म्हणाले, "तुले अडवत नाई. पण मी पाहाले येणार नाई."

यंदा सिंदीजवळच्या शर्यतीत ती पुन्हा उतरली. सुरू व्हायच्या जरा आधी मला कडेच्या गर्दीत पांढरी टोपी दिसली. बाबा! अश्विनीला सांगू नका, अशी त्यांनी मला खूण केली. ते नेमके उताराजवळ, बांबूच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले.

झेंडा पडला. अश्विनी मधल्या घोळक्यात होती. पहिल्यांदा उतार आला, ती कंबर मागे टाकून, गुडघ्यांत गाडी धरून पाण्यासारखी खाली आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा पुढच्या पोराची गाडी तिच्यासमोरच घसरली. गर्दीतून "अरे अरे!" झालं. अश्विनीने नजर त्या पोरावर नेलीच नाही. ती बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली आणि गाडी तिच्या नजरेमागे गेली. पोरगाही उठून उभा राहिला.

ती पाचवी आली. गाडी लावली, हातमोजे काढले, बोटं हलवून पाहिली. सगळी सुटी, मोकळी. भूषणने पाण्याची बाटली पुढे केली, तिने एका झटक्यात झाकण उघडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या!

मग मी तिला हळूच सांगितलं, "ताई, उताराजवळ जा जरा."

गर्दी पांगली होती. बाबा एकटेच कठड्याशी उभे होते, दोन्ही हात बांबूवर. अश्विनी समोर गेली.

"बाबा! कधी आले? चला, चहा घेऊ."

बाबा हलले नाहीत.

"चला ना."

"हात सुटून नाई राह्यले," बाबा म्हणाले.

अश्विनीने खाली पाहिलं. मग ती तिथेच मुरमात गुडघे टेकून बसली आणि त्यांचं एकेक बोट बांबूवरून उकलू लागली. "खांदे ढिले सोडा. श्वास घ्या. घ्या ना, बाबा."

बाबांनी श्वास घेतला. मग आपल्या तळव्यांकडे पाहत तिला विचारलं,

"पोरी, गाडी तर तू चालवली. मंग माहे हात काऊन दुखून राह्यले?"