पुजलेल्या स्प्रिंगा

आबांचं, माझ्या वडलांचं, तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिऊन मी अंगणात गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदलायला घेतल्या. रडूबिडू काही येत नव्हतं. हाताला काम हवं होतं, एवढंच.

स्प्रिंगा मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी महाडहून आणलेल्या. भाताची पोती वाहून जुन्या पार बसल्या होत्या. आबांच्या मणक्यात कॅन्सर उतरलेला; खड्डा आला की ते कळवळायचे. नवमीला सुट्टी, तेव्हाच बसवू म्हटलं. सकाळी उठून बघते, तर आईनं कोयता, कुदळ, जॅक, पाने सगळं पाटावर मांडलेलं आणि त्यांच्यासोबत स्प्रिंगांनाही हळदीकुंकू वाहिलेलं. पुजलेलं लोखंड आमच्यात दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मीही गप्प बसले. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?

कोसळलं. दुपारी आबांना दम लागला. आमच्या वरंध गावापासून महाडच्या दवाखान्यापर्यंत जुन्याच स्प्रिंगांवर नेलं. मागून लोखंडावर लोखंड आपटत होतं, आणि आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती. चौथ्या दिवशी ते गेले. आजारच शेवटचा होता, रस्त्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. पण घरी आल्यापासून तिचं एकच: "मी त्या पुजल्या नसत्या तर?"



पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकनं उचलून खाली ओंडके दिले, चाकं काढली. शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट गंजलेला. त्या मेल्यानं तासभर खाल्ला. तो सुटल्यावर ॲक्सल खाली आला नि जुनी स्प्रिंग हातानंच निघाली. नवी तिच्यापेक्षा चांगली दोन बोटं उंच. तिच्यावरचं कुंकू तळव्याला लागलं, ते पँटला पुसलं. दुपारपर्यंत दुसरी बाजूही झाली.

"मला एक चक्कर मारून आण गो," आई म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

महाडच्या रस्त्याला लागलो. पहिला खड्डा आला, गाडी नुसती डुलली. आरशात आईचा चेहरा दिसला आणि मला भीती वाटली. हिला आता कळणार, त्या एका दिवसानं किती फरक पडला असता ते. मग मी दिसेल तो खड्डा धरला, ब्रेकला पायसुद्धा न लावता. आई मागे उडत होती.

"बघ," मी म्हटलं, "नव्या बसवून पण तेच. रस्ताच असला हाय."

आईनं पुढच्या सीटला धरून स्वतःला सावरलं.

"आबांना नेलंस तवा खड्डा दिसला की गाडी हळू करायचीस," ती म्हणाली. "आज एकपण नाय चुकवलास. चल घरी."

मी गाडी वळवली. येताना सावकाश चालवली, आणि गाडी कुठेच आपटली नाही.