बोरकुमला न पोचणारी बोट

नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा आमच्या शेजारच्या ओक्कोच्या घरात दंडकच आहे. टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक, फ्रिजच्या दारावर प्लास्टिक. पाहुण्यांसाठी राखलेल्या चांगल्या खोलीतल्या सोफ्यावर तर असलं जाड की उन्हाळ्यात उठताना मांडी सोलून निघते. "वस्तू जपावी, टेडा," हे तो मला कायम ऐकवतो. जपून जपून कुणाच्या डोक्यावर घालणार आहेस रे, असं मी विचारलं की तो चहात खडीसाखर टाकतो आणि ऐकूच आलं नाही असं दाखवतो.

ओक्को जर्मनीतल्या एमडेन बंदरातून बोरकुम बेटावर जाणाऱ्या बोटीचा कप्तान होता. सगळी हयात पाण्यावर गेली, आणि त्याची बायको गेशे, तिला मात्र नुसत्या धक्क्यावर उभं राहूनसुद्धा मळमळतं! चाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या बोटीवर एकदाही चढली नाही. ओक्कोला ते फार लागायचं. निवृत्त झाल्यावर त्याने पाण्याने थंड होणारा दणकट कॉम्प्युटर स्वतः जोडला आणि त्यावर बोट चालवायचा खेळ घातला. लग्नाच्या वाढदिवसाला गेशेला मोठ्या पडद्यावर बोरकुमला न्यायचं, असा बेत.

पण बोट बंदराबाहेर पडली की कॉम्प्युटर तापून बंद. दर वेळी!

वाढदिवस उद्यावर आला तेव्हा कुठे मला हाक आली. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझं, पण हा पठ्ठ्या आधी विचारेल तर शपथ.

"पंखे साफ केलेस?"

"दोनदा."

"पंप?"

"चालतोय. कान लावून बघ."

खरंच चालत होता. मी खेळ सुरू करायला लावला आणि पाण्याच्या दोन्ही नळ्या चाचपल्या. गार! आत चिप शंभर अंशांना टेकलेली आणि नळ्या गार, म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नव्हती. मी सगळं बंद केलं, स्क्रू काढले आणि चिपवर बसवलेला पंपाचा ठोकळा उचलला. त्याच्या तांब्याच्या तळाला पातळ प्लास्टिक चिकटलेलं. त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं, बसवण्याआधी काढा.

"ओक्को, मेल्या, हे काय?"

"ते मी मुद्दाम ठेवलंय. तांब्याला ओरखडे पडले असते."

मी कपाळाला हात लावला. दारात उभी असलेली गेशे इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अरे कप्तान, नांगर न उचलताच बोट हाकत होतास की!"

मी प्लास्टिक सोलून त्याच्या हातात दिलं, चिपची उष्णता ठोकळ्यात नेणारी नवी पेस्ट लावली, ठोकळा परत बसवला. खेळ बराच वेळ चालला, कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. ओक्को मात्र हातातलं ते चिटोरं उलटसुलट करून बघत होता. मला त्याची दयाच आली.

दुसऱ्या दिवशी मी चांगल्या खोलीच्या दारातच थबकले. सोफा उघडा! आणि चक्क निळ्या मखमलीचा. इतकी वर्षं मी तो राखाडी समजत होते.

ओक्कोने कप्तानाची जुनी टोपी चढवली. गेशे मखमलीवर हात फिरवत बसली. बोट निघाली, रोज बंद पडायची ती जागा मागे पडली, आणि पुढे उघड्या समुद्रात पडदा डुलायला लागला. गेशेने सोफ्याची कड घट्ट धरली.

"लाटा कमी करू का गं?"

"खऱ्या असायच्या तेवढ्याच ठेव. तुझा समुद्र बघायला आलेय मी."

दीपगृह दिसलं, बेट जवळ आलं, बोट धक्क्याला टेकली. आणि गेशेला भडभडून उलटी झाली. त्या निळ्या मखमलीवर!

"अगं बाई!" मी ओरडले. गेशे तर रडकुंडीला आली. "ओक्को, तुझा सोफा..."

आता ह्याचं भाषण सुरू होणार, म्हटलं. ओक्को उठला, टॉवेल आणला आणि आधी तिचं तोंड पुसलं.

"मरू दे सोफा," तो म्हणाला. "आलीस ना माझ्याबरोबर बोरकुमला!"

डाग काही पूर्ण गेला नाही. पाहुणे आले की ओक्को आधी तोच दाखवतो.