काकांनी ठेवलेलं नाव

बी.ए.साठी मी तेलंगणातल्या मुधोळजवळच्या आमच्या गावातून आदिलाबादला आले, ते काकांकडे राहिले. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. संध्याकाळच्या भाकरी आणि वाढणं माझ्याकडे होतं. सगळ्यांचं झालं की काकू आणि मी बसायचो.

कोणाचं वरण संपलं, कोणाला अर्धी भाकर हवी, हे बघत मी दाराशी उभी असायची. एकदा पाहुण्यांसमोर काका म्हणाले, "ही आमची ग्रोक." पाहुणे हसले. मीही हसले. मग तेच नाव पडलं. "ग्रोक, पाणी आण." इंग्रजी नाव मिळालं म्हणून मी गावी जाऊन आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

आता मी स्वतः शाळेत इंग्रजी शिकवते. यंदा मुलांसाठी वापरातून गेलेले शब्द शोधताना तोच 'ग्रोक' अचानक समोर आला. स्कॉटलंडकडचा जुना शब्द. कोणी जेवत असताना, आपल्यालाही मिळेल या आशेनं टक लावून बघत राहणं. कुत्र्यांबद्दल म्हणायचे. मूळ नक्की माहीत नाही, असं खाली लिहिलं होतं. माझ्यापर्यंत तो कुठून आला, ते मला माहीत होतं.

रविवारी काकांकडे गेले.

"आली का ग्रोक!" ते खूश झाले.

"काका, त्याचा अर्थ तुमाला माहीत होता?"

"होता ना. गंमत होती ती. काऊन, राग आला?"

"मी वाढायला उभी राहत होती."

"पण पाहत तर होती ना ताटाकडं!"

पाहत होते. कॉलेजातून आल्यावर पोटात काही नसायचं. म्हणजे माझी भूक त्यांना दिसली होती. तिच्यासाठी त्यांनी इतका दुर्मीळ शब्द हुडकून काढला, पण 'बस, जेव' एवढं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

स्वयंपाकघरात काकूंना विचारलं, "तुमी काऊन काही बोलल्या नाही?"

"मला कुठं इंग्रजी येते, बाई," त्या म्हणाल्या आणि माझं ताट वाढायला लागल्या.

मी न जेवता निघाले. नंतर काकांनी माझ्या भावाला फोन केला म्हणे. "शिकली ना, आता मिजास वाढली तिची."

भावानं मला एवढंच विचारलं, "एवढ्याशा शब्दासाठी?"