पनवेलच्या स्थळाला नकार

मे १९९६, शनिवार दुपार. सानपाड्याच्या घरी शंभर रुपये भाड्याने व्हीसीआर आणला होता. पाहायला मी, बायको आणि माझा अविवाहित मित्र. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पनवेलला मुलगी बघायला जायचं होतं.

सिनेमातला नायक मित्राच्या लग्नात अक्षता वाटताना रडत होता.

"अहो, याचं त्या नवऱ्यामुलावरच प्रेम आहे," बायको म्हणाली.

"काहीतरीच काय वहिनी! दोस्ती आहे ती," मित्र जोरात म्हणाला. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाला, "उद्याचं रद्द कर. मला त्या मुलीला फसवायचं नाही."

मी कारण विचारलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. आम्ही फोन करायला पीसीओवर गेलो. मुलीच्या वडिलांना मीच स्पष्ट सांगितलं, "तुमच्या मुलीत काही कमी नाही. आमचाच माणूस लग्न करणार नाही."

मित्र खिसा चाचपू लागला. मी त्याचा हात धरला आणि बूथवाल्याला दोन रुपये दिले.