बोरी अरबच्या बाईंचा प्रश्न

"मॅडम, हा प्रश्न जरा सौम्य करून सांगा. पाहुणे आहेत," प्राचार्य माझ्या कानाशी म्हणाले.

मी दुभाषी आहे. मस्कतच्या एका हॉस्पिटलमध्ये चौदा वर्षं डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये उभी राहिले. आता आर्णीला असते, बोलावलं की जाते. त्या दिवशी यवतमाळच्या एका कॉलेजात सेमिनार होता. पाहुणे होते प्राध्यापक सालेम, आखातातले नावाजलेले लेखक. विषय, बदलत्या अरब समाजात लेखक-कलावंतांचं काम. ते चार वाक्यं अरबीत बोलून थांबत, मग मी नोट्स बघून मराठीत सांगत असे. 'मुथक्कफ' हा शब्द सारखा येत होता. मी आधी त्याला 'सांस्कृतिक अभिजन' म्हटलं. हॉलमध्ये जांभया सुरू झाल्या. मग 'शिकलेली, लिहिणारी माणसं' म्हणू लागले, तेव्हा माना वर झाल्या.

प्रश्नांची वेळ आली आणि शेवंताबाई उठल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्याच बोरी अरब गावी, बुद्धविहारातल्या एका खोलीत त्या वाचनालय चालवतात.

"तुमच्या इकडं बाया शिकल्या, नोकरीले लागल्या, गाड्या चालवून राह्यल्या. चांगलं झालं. पण जवा त्याइले कोणी बाहीर निंघू देत नव्हतं, तवा तुमी लिवनारे लोक काय करून राह्यलते? संग उभे होते, का मंग नंतर पुस्तक लिवलं?"

प्राचार्य माझ्याकडे वाकले ते तेव्हा. मला पुढची कामं द्यायची की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. सालेम माझ्याकडे बघत होते. मागे शेवंताबाई अजून उभ्याच होत्या. त्यांना बसायला सांगावं की काय, असंही मनात आलं. मग मी प्रश्न होता तसा अरबीत सांगितला.

सालेमनी समोरचा कागद बाजूला सारला.

"माझ्या बहिणीला कॉलेजात जायचं होतं. वडील नाही म्हणाले. घरात शिकलेला मी एकटा. त्या वर्षी मी स्वातंत्र्यावर कविता लिहीत होतो. वडिलांशी मात्र एक शब्द बोललो नाही."

हे मराठीत सांगताना मी नोट्स बघितल्या नाहीत.

"आता तिची मुलगी आमच्या शहरात पुस्तकवाचन घेते," ते म्हणाले. "बायका येतात, भांडतात, नाटकं बसवतात. मीही जातो. मागे बसून ऐकतो."

"खरं बोलला मानूस," शेवंताबाई म्हणाल्या. "आमच्या शिकेल लोकाइले बी इचारा लागते हे."

हॉल हसला. सालेमना मी तेही सांगितलं. तेही हसले आणि म्हणाले, "यांचं वाचनालय बघायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही बोरी अरबला गेलो. दोन तास सतरंजीवर बसून सालेम वाचनालयात येणाऱ्या बायकांना प्रश्न विचारत राहिले. आता महिन्यातून एकदा त्यांची भाची आणि शेवंताबाईंच्या वाचनालयातल्या बाया व्हिडिओ कॉलवर बोलतात. मध्ये मी असते. दोन्हीकडच्या बाया एकदम बोलतात, मला पाणी प्यायलाही फुरसत मिळत नाही. प्राचार्यांनी पुढचा सेमिनारही मलाच दिला.

एवढं शिकले, की उत्तर काय येईल याची काळजी दुभाष्यानं करू नये. ते काम उत्तर देणाऱ्याचं.