वस्तीपुरते चालणे
सीताफळाची पाने बुटाखाली चुरडली गेली की त्यांचा उग्र वास मला धारूरच्या डोंगरातील त्या दुष्काळी हिवाळ्यात घेऊन जातो. वनखात्याच्या भरतीतील धावचाचणीसाठी मी रोज सकाळी किल्ल्याच्या पायथ्यापासून डोंगराला वळसा घालून परतणाऱ्या पायवाटेवर पळत असे. चढ, श्वास आणि वेग यांचे गणित सोडले तर सोबतीला काही नव्हते. वाटेवरच्या वस्तीतील धडधाकट माणसे ऊसतोडीसाठी सहकारी साखर कारखान्यांवर गेली होती आणि बहुतेक दारांना कुलपे होती. एके दिवशी तिथून पळताना मागून पावले ऐकू आली. वळून पाहिले, तर एक म्हातारी कडेवर रिकामी घागर घेऊन धापा टाकत माझ्यामागे येत होती. मी थांबले, तशी तिने उतारावरच्या ओसाड रस्त्याकडे पाहिले. “टँकर कुठं हाय?” “टँकर नाही आजी, मी भरतीसाठी पळते.” ती दगडावर टेकली. “मागं कुत्रं न्हाई, म्होरं टँकर न्हाई, मग पळतीस कावून गं?” ती हसली, पण गुडघा चोळत राहिली. “वस्तीपुरतं चालत जात जा माय. तू पळाली की आमाला वाटतं, पानी आलं.” दुसऱ्या दिवसापासून मी तेवढी वाट चालू लागले, फेरीचा वेळ वाढला, तो वाढू दिला. आता नोकरीच्या गावी, अभयारण्याच्या कडेने पळताना घरे दिसली की पाय आपोआप मंदावतात. मी मागे वळून पाहते, तर कोणी आलेले नसते.